डोकेदुखीची गोळीच डोकं दुखवते तेव्हा

मायग्रेनच्या रुग्णाला मी हल्ली पहिला प्रश्न विचारतो, "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" बहुतेकांना नेमकं सांगता येत नाही. पर्समध्ये अर्धी संपलेली स्ट्रिप मात्र हमखास निघते.

मध्यंतरी एक शिक्षिका आल्या होत्या. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा डोकं दुखायचं, एका गोळीत थांबायचं. मग पेपर तपासताना दुखू नये म्हणून आधीच गोळी घेणं सुरू झालं. वर्षभरात रोज सकाळी उठतानाच डोकं जड! "डॉक्टर, मायग्रेन वाढलंय, स्ट्राँग गोळी द्या," म्हणाल्या. खरं तर त्यांना गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी जडली होती.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा कॅफीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की हा धोका असतो. मेंदूची वेदना जाणवण्याची यंत्रणा हळवी होते. गोळीचा असर उतरला की पुन्हा दुखतं, आणि आपण पुन्हा गोळी घेतो. पाठीसाठी किंवा गुडघ्यासाठी घेतलेली गोळीही या हिशोबात धरायची.

यात रुग्णाला दोष देणं मला पटत नाही. आम्ही डॉक्टरच चिठ्ठीवर "दुखल्यास घ्या" एवढंच लिहितो. महिन्यात किती दिवसांच्या वर घ्यायची नाही, हेही तिथे लिहिलेलं असायला हवं. नसेल, तर तुम्ही विचारा.

मग गोळी घ्यायचीच नाही का? घ्यायची. अटॅक सुरू होताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत घ्या. पण आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा. फुल्या वाढू लागल्या तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारखी अटॅक टाळणारी औषधं असतात. कोणतं औषध चालेल ते दमा, गरोदरपण वगैरे पाहून डॉक्टरच ठरवतील.

अतिवापर थांबवल्यावर साधारण पहिला आठवडा-दहा दिवस डोकेदुखी वाढू शकते. मळमळ होते, झोप लागत नाही. याच काळात बरेच जण हार मानतात, म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या एकदम बंद करू नयेत.

अचानक झालेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप आणि मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, अशा वेळी फुल्या मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

त्या शिक्षिका परवा कॅलेंडरचं पान घेऊन आल्या. महिन्यात चार फुल्या होत्या. डोकं अजून दुखतं, पण आता रोज नाही. आज घरी गेल्यावर तुम्हीही मागच्या महिन्याच्या फुल्या आठवून मारून बघा.