रेनकोट नको, शिट्टी विका!

जुलै आला की पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकची गर्दी सुरू होते. 1660 च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडे गेले, ती वाट लोक भर पावसात चालतात. आणि आपले दुकानदार काय करतात? सगळेच रेनकोट भरतात. मग ऑनलाइनच्या भावाशी झुंज, आणि सीझन संपला की माल अंगावर.

माझं मत स्पष्ट आहे. जे घरून निघताना कुणाला सुचत नाही, पण वाटेत हमखास आठवतं, ते विका.

मसाई पठारावर धुकं उतरलं की हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओला झाला तरी पेटतो, चूल पेटवायला कामाला येतो. भिजलेल्या बुटात रात्री रद्दी कोंबली की ती पाणी शोषून घेते. चिखलात सँडलचा पट्टा तुटला तर सुतळी आणि दोन मोठ्या पिना बास.

हे सगळं एका पिशवीत घाला. समजा खर्च 40 रुपये, विक्री 80 ला. पहिल्यांदा फक्त 50 पिशव्या करा, म्हणजे जोखीम 2,000 रुपयांचीच. बुडाले तरी घर चालतंय.

एक अट मात्र आहे. आधी स्वतः एक दिवस ती वाट चाला, पिशवीतली प्रत्येक वस्तू वापरून बघा. न वापरता विकणाऱ्याकडं गिऱ्हाईक एकदाच येतं.

तुम्ही या पिशवीत अजून काय घालाल? व्हिडिओखाली नक्की लिहा.