फिरती आरागिरणी : यंत्र सगळ्यात शेवटी

टेंपोमागे जोडून नेता येणारी, पेट्रोलवर चालणारी छोटी आडवी बँडसॉ घ्यावी का, हा प्रश्न सध्या आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पुन्हा पुन्हा दिसतो. ताजे पत्र बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून आले आहे. लिहिणारे गृहस्थ सुतार आहेत आणि त्यांचा माल उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जातो. फळी मात्र ते वखारीतून, वखारवाला म्हणेल त्या भावाने आणि त्या जाडीची घेतात. इमारतींसाठी मोकळ्या होणाऱ्या प्लॉटवरची रेनट्री, आंबे, जांभळे तुकडे होऊन जळणाच्या टेंपोत चढताना त्यांना रोज दिसतात. ‘मग मीच का कापू नये?’ असे ते विचारतात.

जरूर कापा, असे आम्ही म्हणू. मात्र यंत्राची खरेदी सगळ्यात शेवटी करा. आधी कागद, मग लाकूड, मग वाळवणीची जागा. आमचे बहुतेक वाचक नेमके उलट्या क्रमाने विचार करतात. त्याचे कारण उघड आहे : यंत्राचा व्हिडिओ पाहायला मिळतो, परवान्याचा कोणी काढत नाही.

यंत्राविषयी थोडक्यात. अमेरिकेतल्या वुड-मायझर कंपनीने १९८२ पासून पातळ पात्याची ही फिरती बँडसॉ जगभर पोचवली. साखळी करवतीवर बसवायची चौकट स्वस्त पडते आणि जाडजूड ओंडक्याला तीच उपयोगी असते, पण ती लाकूड खाते. हिशेब करून पाहा. चार फूट घेर आणि आठ फूट लांबी असलेला ओंडका आपल्या वखारीच्या चौथाई घेराच्या मापाने आठ घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात दहा घनफुटांहून थोडे जास्त लाकूड असते, कारण हे मापच भुशाची आणि सालीची वजावट धरून ठरलेले आहे. या ओंडक्यातून पावणेअकरा इंचांचा चौकोनी गाभा निघतो. बँडसॉचे पाते दोन मिलिमीटर लाकूड खाते, म्हणून एक इंची फळ्या दहा निघतात. साखळी करवत नऊ मिलिमीटर खाते, म्हणून त्याच गाभ्याच्या आठच निघतात. प्रत्येक ओंडक्यामागे दोन फळ्या भुशात जातात. हाच ओंडका ओला असताना अडीचशे किलोच्या आसपास भरतो, तेव्हा चेनपुली, पहार आणि दोन माणसे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा. शहरातली मोठी रेनट्री तर छोट्या यंत्रात मावतच नाही. ती आधी साखळी करवतीने उभी चिरून घ्यावी लागते.

आता कागद. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या धंद्यात याबद्दल ऐकीव माहितीच फार आहे.

टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला आणि देशभरातल्या बेकायदा आरागिरण्यांवर गदा आली. ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी आरागिरणी उघडू देऊ नये, असे राज्यांना बजावले. २०१५ च्या आदेशानंतर ही जबाबदारी राज्यस्तरीय समित्यांकडे आली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. आज नव्या गिरणीचा परवाना देताना समिती एकच गोष्ट आधी पाहते : राज्यात या गिरणीला पुरेल इतके कायदेशीर लाकूड शिल्लक आहे का. जंगलाच्या हद्दीपासूनच्या अंतराची अटही आहेच. बदलापूरकरांनी ती हसण्यावारी नेऊ नये. एका बाजूला बारवी धरणाचा परिसर, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर आणि मधे कोंडेश्वर अशा गावात जंगलापासून दूर जागा शोधायची तरी कुठे? औद्योगिक वसाहत किंवा नगरपालिकेची हद्द म्हणून सवलत मिळते का, हे तोंडी न विचारता ठाण्याच्या उपवनसंरक्षकांना अर्ज देऊन लेखी विचारावे.

‘माझी गिरणी तर चाकांवर आहे, ती आरागिरणी कशी?’ हा युक्तिवाद आमच्या कानावर अनेकदा आला आहे. २०१६ च्या तत्त्वांत आरागिरणीची व्याख्या करताना स्थिर बांधकाम किंवा आवार आणि त्यातली यंत्रे असा उल्लेख आहे, हे खरे. चाकांवरचे यंत्र या शब्दांत बसत नाही, असा अर्थ कोणी वकील काढूनही देईल. आमचा सल्ला असा की या फटीत पाय घालू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ खाली वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे आणि गाड्या जप्त होतात. कलम ६९ प्रमाणे वनोपज कोणाचे असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचे मानले जाते. म्हणजे रस्त्यात अडवल्यावर हा ओंडका अमुक सोसायटीच्या आवारातला आहे, हे तुम्हालाच दाखवावे लागणार. स्थिर गिरणीला सील लागले तरी ती जागेवर राहते. चाकांवरची मात्र उचलून नेली जाते, आणि सोबत तिचे कर्जही तुमच्याच नावावर उरते.

ज्यांना एवढे नको असेल त्यांच्यासाठी एक रस्ता मोकळा आहे. चिरलेले लाकूड, प्लायवूड, बांबू, आयात केलेले कायदेशीर लाकूड यांवर काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांना याच तत्त्वांनी परवान्यातून वगळले आहे, पण त्यांच्या करवतीवर मापाची मर्यादा आहे. तुमच्या शेडमधल्या बँडसॉचे माप त्या मर्यादेशी ताडून पाहा. ते कधीच न पाहिलेले बरेच जण आपल्यात असतील.

झाडाचे कागद वेगळे. शहराच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि परवानगी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. आपल्याला हवे असते ते जाड, पिकलेले खोड, आणि नेमके तेच आता सर्वांत जपलेले आहे. ते योग्यच आहे. या धंद्याचा पाया पडलेल्या आणि रीतसर परवानगीने काढलेल्या झाडांवरच उभा राहिला पाहिजे. हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे. साग, खैर, ऐन, हिरडा, मोह, जांभूळ, चिंच, आंबा, फणस अशा जाती त्याच्या यादीत आहेत. खैराचा तुकडासुद्धा ओळखीच्या माणसाने ‘ठेवून घ्या’ म्हटले म्हणून ठेवू नका. ठाणे-पालघरच्या जंगलपट्ट्यात खैराच्या चोरट्या वाहतुकीवर वनखात्याची सतत नजर असते.

एवढे सगळे करून हाती येणारे लाकूड कसले असते? रेनट्री हे आपल्या भागातले खरे घबाड. तिचा गाभा गडद तपकिरी, आकसणे कमी, फळ्या रुंद, आणि सध्या नैसर्गिक कडेच्या टेबलांना तीच लागते. पांढऱ्या भागाला मात्र भुंगा लागतो. आंबा स्वस्त आणि भरपूर, पण कापायला उशीर केला की निळे-काळे डाग पडलेच, म्हणून आंब्यासाठी यंत्र झाडापाशी नेण्यातच फायदा आहे. कापल्याबरोबर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात फळ्या बुडवाव्यात. गुलमोहर ठिसूळ, त्याच्या नादी लागू नये. निलगिरी चिरता चिरता वाकते. फणसाला गिऱ्हाईक आपोआप येते. शहराच्या झाडात लोखंडही असते : फलकांचे खिळे, तोरणांच्या तारा, सालीने गिळलेली जुनी वृक्षकुंपणे. ओंडका यंत्रावर चढवण्याआधी हातातल्या धातुशोधकाने तपासला नाही, तर एका खिळ्यात पाते गेले म्हणून समजा. ज्याला पाते स्वतः लावता येत नाही त्याने या धंद्यात पडू नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. सुक्या बाभळीवर पाते किती लवकर बोथट होते, हे हात लावून पाहिलेल्यालाच कळते.

आमच्या मते खरा पैसा चिराईत नसून वाळवणीत आहे. ओली फळी कोणीही देईल. सुकलेली, न वाकलेली, टोकाला न चिरलेली फळी आज बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात सहजी मिळत नाही. ‘एक इंचाला एक वर्ष’ हा ठोकताळा थंड देशांतून आला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फळी झपाट्याने सुकते आणि जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास थांबते, उलट सुकलेली फळीसुद्धा हवेतले पाणी ओढते. आय. एस. २८७ या मानकाने हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे विभाग पाडून लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी आणि अलिबागच्या गिऱ्हाइकासाठी लाकूड वेगवेगळे सुकवावे लागते, एवढे त्यातून ध्यानात घेतले तरी पुरे. थप्पीतल्या पट्ट्या एकाखाली एक ओळंब्यात असाव्यात, टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावावा, वर वजन ठेवावे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सौर वाळवणीच्या खोलीवर फार पूर्वीच काम केले आहे. प्लॅस्टिकचे छत आणि पंखा एवढ्या सामानात ती छोट्या कारखान्यालाही जमते.

आणि जागा. हेंद्रेपाड्याच्या मित्राने घरामागच्या मोकळ्या तुकड्याचा उल्लेख केला आहे. तो भाग उल्हास नदीच्या काठचा. २६ जुलै २००५ चे पाणी तिथले लोक विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा आणि पुन्हा जुलै २०२१ मध्येही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. लाकूड पाण्यावर तरंगते. वर्षभराचा माल एका रात्रीत वाहून जाईल आणि खालच्या कोणाच्या तरी भिंतीवर आदळेल. पूररेषेचा नकाशा पाहून उंचावरची जागा भाड्याने घ्या, निदान थप्पी तरी तिथे लावा. शिवाय हेंद्रेपाडा आता इमारतींचा भाग झाला आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे आणि पेट्रोल इंजिनावरची करवत ती सहज ओलांडते. पहिल्याच आठवड्यात शेजारी पोलीस चौकीत जाईल, आणि त्याचे काही चुकणार नाही.

गिऱ्हाईक कोण? अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅलेट आणि खोकी लागतात, त्यामुळे अनेकांची पहिली नजर तिकडे जाते. तिकडे जाऊ नका. तिथे आयात पाइन कापणारे मोठे कारखानदार आहेत, निर्यातीच्या पॅलेटला ५६ अंशांवर तीस मिनिटे उष्णता दिल्याचा शिक्का लागतो, आणि भाव पैशापैशावर अडतो. अंबरनाथने लाकडाचा मोठा धंदा पूर्वी पाहिलेला आहे. विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना तिथे १९२० च्या दशकात उभा राहिला, आणि नाक्याचे नाव आजही तेच आहे. पण तो हजारो ओंडक्यांचा, काडीकाडीचा कारभार होता. आपले गिऱ्हाईक वेगळे : स्वतःच्या वाड्यातल्या पडलेल्या फणसाचा झोपाळा हवा असलेले कुटुंब, एक रुंद टेबल हवे असलेला हॉटेलवाला, वाद्य बनवणारा कारागीर, आणि आपल्यातलेच दुसरे सुतार. गिऱ्हाईक आधी न शोधता यंत्र घेतले तर काय होते, याचा धडा बाहेरच्या देशातही सापडतो. पापुआ न्यू गिनीत १९८० च्या दशकात गावकऱ्यांना आपले जंगल आपणच कापता यावे म्हणून ‘वोकाबाउट सोमिल’ नावाच्या फिरत्या गिरण्या दिल्या गेल्या. कल्पना सुरेख होती, पण सुटे भाग आणि बाजार नसल्याने त्यांतल्या कितीतरी गंजत पडल्या.

आता सरकारकडे मागणी. फिरत्या आरागिरणीला वेगळा परवाना हवा : यंत्राला क्रमांक, कापलेल्या प्रत्येक झाडाची परवानगीच्या क्रमांकासह नोंदवही, आणि फक्त पडलेल्या किंवा प्राधिकरणाच्या परवानगीने काढलेल्या झाडांपुरती मुभा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडात आंबा, फणस, सुरू आडवे केले. अशा वेळी नोंदणीकृत फिरत्या गिरण्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे तयार असती, तर बागायतदाराला जळणाऐवजी फळ्यांचा भाव मिळू शकला असता. झाड पडल्यावर अर्ज करायचा आणि समितीच्या बैठकीची वाट पाहायची, ही रीत वादळाच्या कामाची नाही. नगरपरिषदांनीही छाटणीचे आणि पडलेले लाकूड एका आवारात ठेवून जाडीप्रमाणे लिलाव करावा. त्यातले काही स्मशानभूमीला लागते, ते तिकडेच जावे. सरणाला दोन फूट जाडीचे रेनट्रीचे खोड लागत नाही. गैरवापराची भीती वनखात्याला वाटणार आणि ती खोटी नाही. म्हणूनच नोंदवहीची मागणी आपणच पुढे करत आहोत.

हेंद्रेपाड्याच्या मित्राने तोवर काय करावे? उपवनसंरक्षकांकडचा अर्ज या महिन्यात द्यावा आणि पोच घ्यावी. परवाना असलेल्या एखाद्या वखारीत चिराई देऊन, बिलासह, वीसेक फळ्या रेनट्रीच्या आणि तेवढ्याच आंब्याच्या आणाव्यात. उंचावरच्या शेडमध्ये थप्पी लावावी. प्रत्येक जातीच्या एका फळीचे वजन दर पंधरवड्याला करून वहीत मांडावे. त्याच फळीचा छोटा तुकडा भट्टीत पूर्ण सुकवून ओलावा काढता येतो : ओले वजन वजा सुके वजन, भागिले सुके वजन, गुणिले शंभर. उन्हाळा येईपर्यंत कोणती फळी वाकली, कोणती विकली गेली आणि कोणत्या भावाने, हे त्या वहीत आलेले असेल. यंत्राचे कोटेशन त्यानंतर मागवावे, आणि ते मागवताना पात्यांना धार लावायच्या यंत्राची किंमतही त्यातच विचारून घ्यावी.