'जुनेंच वाजवा !'

कात्रजला राहणाऱ्या माणसाला 'कात्रजचा घाट दाखविणें' हा वाक्प्रचार जन्मभर ऐकून घ्यावा लागतो. १६६३ सालीं लाल महालांत शाएस्तेखानावर छापा घातल्यावर शिवाजी महाराजांच्या माणसांनीं बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते बैल या घाटांत सोडले, मोंगली फौज त्या उजेडामागें धांवली, आणि महाराज दुसऱ्याच वाटेनें सिंहगडावर सुखरूप पोंचले, अशी आख्यायिका आहे. घाटांत उजेड पुष्कळ होता, परंतु माणसें तेथें नव्हतीं. या आख्यायिकेची आठवण मला नुकतीच एका अगदीं निराळ्या प्रसंगीं झाली. तो प्रसंग सांगून आमच्या पिढीच्या एका आवडीवर मला चार कठोर शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या महिन्यांत कॉलेजांतील माझे पांच सोबती माझ्या घरीं जेवावयास जमले होते. सर्वांचीं वयें पन्नाशीच्या पलीकडचीं. बोलतां बोलतां विषय आमच्या विद्यार्थिदशेंतील आवडत्या रॉक बँडवर, म्हणजे मुंबईच्या 'रॉक मशीन'वर आला. हाच बँड पुढें 'इंडस क्रीड' या नांवानें ओळखला जाऊं लागला. मीं हौसेनें त्याचा २०१२ सालचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम लावला. दोन मिनिटें झालीं नाहींत तोंच एकजण म्हणाला, "अरे, हें काय लावलेंस ? जुनेंच लाव !" बाकीच्यांनीं माना डोलावल्या. यजमान या नात्यानें मीं मुकाट्यानें तें बदललें. त्या मुकाटपणाची लाज वाटली म्हणूनच हा लेख लिहीत आहें.

ज्या वाचकांस ही मंडळी ठाऊक नसतील त्यांच्याकरितां थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. 'रॉक मशीन' १९८४ सालीं निघाला. त्या काळीं आपल्याकडील असल्या मैफलींत परदेशीय बँडांचीं गाणीं हुबेहूब वाजवून दाखविणें हाच मोठा पराक्रम समजला जाई. ओळखीच्या सुरांवर टाळी आणि अनोळखी सुरांवर जांभई, हा श्रोत्यांचा शिरस्ता होता. अशा श्रोत्यांपुढें या तरुणांनीं स्वतः रचलेलीं गाणीं म्हणण्याचा हट्ट धरला. त्याचें फळ म्हणजे १९८८ सालचा 'रॉक एन रोल रेनेगेड' आणि १९९० सालचा 'द सेकंड कमिंग'. १९९३ सालीं त्यांनीं नांव बदललें, १९९५ सालीं त्या नव्या नांवाचाच अल्बम काढला, आणि १९९७ सालीं मंडळी पांगली. २०१० सालीं गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री व जय राव कवी हे दोघे नवे वादक त्यांस मिळाले, आणि दोन वर्षांनीं 'इव्हॉल्व्ह' बाहेर पडला. मागील अल्बमास तेव्हां सतरा वर्षें लोटलीं होतीं.

आतां यांतील विसंगति पाहा. चाळीस वर्षांपूर्वीं श्रोते म्हणत होते, 'परक्यांचें वाजवा, तुमचें नको.' आज त्यांचेच चाहते म्हणतात, 'तुमचें जुनें वाजवा, नवें नको.' शब्द बदलले, वृत्ति तीच आहे. ज्या गुणाकरितां आम्हीं या मंडळींना डोक्यावर घेतलें, तो गुण म्हणजे श्रोत्याच्या संवयीपुढें मान न वांकविण्याचा. तोच गुण त्यांनीं पुन्हा दाखविला तेव्हां मात्र आम्हांस तो उद्दामपणा वाटावा काय ?

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, श्रोता पैसे देतो, त्याला हवें तें त्यास मिळालें पाहिजे. हा न्याय खाणावळीला शोभतो. कलावंताकडून आपण जें विकत घेतों तें आपण आधींच मागितलेलें असतें, हीच मुळीं चुकीची कल्पना आहे. 'रेनेगेड' निघण्यापूर्वीं तें कोणी मागितलें होतें?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तो असा कीं, उतारवयांतील नवी कृति जुनीच्या तोडीची नसते. पुष्कळदां नसते, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. 'इव्हॉल्व्ह' प्रथम ऐकला तेव्हां मीहि बुचकळ्यांत पडलों होतों. परंतु 'तोडीचें नाहीं' हा निकाल ऐकून झाल्यावर द्यावयाचा असतो, दोन मिनिटांत नव्हे. शिवाय तुलना तरी कोणाशीं चालते ? जुनें गाणें आपण शेंकडों वेळां ऐकलेलें असतें. त्यांत आपलें वसतिगृह, आपली पहिली नोकरी, आपलें तारुण्य असें सारें मिसळलेलें असतें. नवें गाणें बिचारें एकटें उभें असतें. या झगड्यांत जुनें जिंकतें त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं गाण्याचें नसून आपल्या वयाचें असतें.

तिसरा आक्षेप असा कीं, स्मृति पवित्र असते. नव्या प्रयत्नानें ती मलिन होते. येथें मी आमच्याच नाट्यसंगीताची साक्ष काढतों. आज ज्यांस आपण जुनें सोनें म्हणतों त्या 'मानापमाना'तील गोविंदराव टेंब्यांच्या चाली १९११ सालीं अगदीं कोऱ्या होत्या. पुढें दोन पिढ्या 'वन्स मोअर'च्या गजरांत गेल्या. मराठी प्रेक्षकानें तेव्हां 'एवढेंच पुरे' असा हट्ट धरला असता, तर १९६४ सालीं जितेंद्र अभिषेकींना 'मत्स्यगंधे'च्या चाली कोणासाठीं बांधतां आल्या असत्या ? अभिषेकींमुळें टेंबे मलिन झाले असें आज कोणीहि म्हणत नाहीं. उलट नव्या शाखा फुटत राहिल्या म्हणूनच जुनें खोड हिरवें राहिलें.

आणि जुनेंच हवें या हट्टाची परिणति कोठें होते हेंहि आतां दिसूं लागलें आहे. स्वीडनच्या 'ॲबा' या प्रख्यात मंडळीनें १९८१ नंतर थेट २०२१ सालीं, चाळीस वर्षांनीं, नवा अल्बम काढला. तें त्यांचें धाडस वंदनीय होय. परंतु २०२२ सालापासून लंडनमध्यें त्यांचा जो खेळ सुरू झाला, त्यांत ते स्वतः रंगमंचावर येत नाहींत. यंत्रानें घडविलेल्या त्यांच्या तरुणपणच्या प्रतिमा गातात आणि नाचतात, आणि त्यांच्यापुढें हजारों लोक आनंदानें टाळ्या पिटतात. याला आमच्या गांवचें नांव तयार आहे. शिंगांना पलिते बांधलेले आहेत, घाट उजळून निघाला आहे, आणि माणसें दुसऱ्या वाटेनें केव्हांच निघून गेलीं आहेत. फरक इतकाच कीं, मोंगल फसले ते नकळत. आम्ही तिकीट काढून फसतों.

पण माझी खरी तक्रार संगीतापलीकडची आहे. त्या रात्रीं आम्हीं बारा वाजेपर्यंत जुनीं गाणीं ऐकलीं, जुन्या प्राध्यापकांच्या नकला केल्या, जुन्या फजित्यांवर पोट धरधरून हंसलों. आमच्यापैकीं एकाची पत्नी वर्षापूर्वीं वारली. त्याला 'तूं आतां कसा आहेस' असें आमच्यापैकीं एकानेंहि विचारलें नाहीं. मीहि नाहीं. तो आमच्याबरोबर हंसत होता, म्हणजे आमच्या आवडीचें जुनें गाणें म्हणत होता. सर्वजण गेल्यावर भांडीं आवरतांना ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली, आणि मग झोंप लागली नाहीं.

सतरा वर्षांनीं परत आलेला बँड नवा अल्बम काढतो, तेव्हां तो या न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देत असतो. मध्यंतरीं आमचें काय झालें, आम्ही कोठें गेलों, काय गमावलें, काय शिकलों, हें तो सांगत असतो. 'जुनेंच वाजवा' असें ओरडणारा त्यास म्हणतो, 'तुमचें मधलें आयुष्य आम्हांस नको. आम्हांला आमचें तारुण्य परत द्या.' ही रसिकता नव्हे. हें प्रेमाचा वेष घेतलेलें औदासीन्य आहे. आणि वीस वर्षांपूर्वींच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून आजहि वर्गांत शिकविणारा माझ्यासारखा प्राध्यापक या दोषापासून मुक्त आहे, असें मी कोणत्या तोंडानें म्हणावें ?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या मित्राला फोन केला. तो पाऊण तास बोलला. त्यांतलें कांहींच मला ठाऊक नव्हतें, आणि तें ऐकणें सोपेंहि नव्हतें. वाचकांस माझी एवढीच विनंति आहे: जुनें गाणें अवश्य मागा, तें मागण्याचा तुमचा हक्क आहे, पण जो इतक्या वर्षांनीं तुमच्या दारीं आला आहे, त्याचें नवें अगोदर शेवटपर्यंत ऐकून घ्या.