चुंबकाची टिचकी आणि लुळा हात

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस वाचला, की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : हात पुन्हा चालेल का? अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : डोक्याला यंत्र लावून मेंदूला ‘चालना’ देण्याचा तो उपचार घ्यावा का? मोठ्या शहरांतील काही खासगी केंद्रे अशा उपचाराच्या दहा-वीस बैठका एकगठ्ठा देऊ करतात आणि हवालदिल झालेले कुटुंब त्यासाठी पैसे उभेही करते. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधन काय सांगते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हे तंत्र चांगलेच उपयोगी पडते. दुसऱ्याच्या उत्तरावर मात्र तज्ज्ञांतच एकमत नाही. बाजारात मागणी आहे ती या दुसऱ्या गोष्टीला.

मेंदूच्या पृष्ठभागाला वीज दिली की स्नायू हलतो, हे १८७० मध्ये जर्मनीत फ्रिट्श आणि हित्झिग यांनी कुत्र्यांवर दाखवले. माणसाची कवटी न उघडता तेच करणे जमायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून विजेचा जोरदार झटका देऊन हात हलवून दाखवला, पण तो झटका फार दुखायचा. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेऐवजी चुंबक वापरले. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा. त्याने तयार झालेले चुंबकीय क्षेत्र कवटीतून अडथळ्याविना आत जाते आणि मेंदूत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण करते. डोक्यावर टिचकी मारल्यासारखे वाटते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि अंगठा आपोआप उडतो. या तंत्राला ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस म्हणतात.

तपासणी म्हणून त्याची उपयुक्तता समजायला सोपी आहे. मेंदूच्या हालचाल-केंद्रातून निघालेला संदेश मज्जारज्जूतून उतरून हाताच्या स्नायूपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांत पोहोचतो. स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर तो लहानशा लाटेसारखा उमटतो. लाट उशिरा आली, तर वाटेत कुठेतरी वहन मंदावले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात असे घडते. पक्षाघातानंतर मात्र वेळेपेक्षा महत्त्वाचे असते ते लाट मुळात येते की नाही हे. रुग्ण स्वतः बोट हलवू शकत नसेल आणि तरीही चुंबकाच्या टिचकीनंतर लाट उमटली, तर मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता पूर्ण तुटलेला नाही. डोळ्यांना लुळे दिसणारे दोन हात इथे वेगळे होतात.

याच गोष्टीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनियर यांच्या गटाने ‘प्रेप-२’ नावाची पद्धत बसवली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी दोनच हालचाली पाहायच्या : खांद्यातून हात बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करणे. प्रत्येकीला पाचपैकी गुण. बेरीज पाच किंवा अधिक असेल, तर हात चांगला सुधारण्याची शक्यता मोठी. यंत्राची गरजच नाही. बेरीज पाचपेक्षा कमी असेल, तरच टीएमएस. लाट आली, तर तीन महिन्यांनी बऱ्यापैकी वापरता येणारा हात अपेक्षित धरता येतो. नाही आली, तर झटक्याची एकूण तीव्रता पाहून मर्यादित किंवा अगदी थोड्या सुधारणेचा अंदाज बांधला जातो. सुमारे ७५ टक्के रुग्णांत हा अंदाज बरोबर निघाला, म्हणजे चारपैकी एकात चुकला. हे लक्षात ठेवूनच तो रुग्णाला सांगायला हवा. तरीही याच पद्धतीची आधीची आवृत्ती ऑकलंडच्या रुग्णालयात रोजच्या कामात वापरली, तेव्हा रुग्णांचा मुक्काम सुमारे आठवड्याने कमी झाला आणि हाताच्या सुधारणेत उणे पडले नाही. कोणाच्या बोटांवर मेहनत घ्यायची आणि कोणाला एका हाताने कपडे घालायला, जेवायला लवकर शिकवायचे, हे थेरपिस्टना आधी ठरवता आले.

उपचाराची कहाणी इतकी सरळ नाही. एकच टिचकी मेंदूला तपासते. पण अशा टिचक्या ठरावीक लयीत शेकड्यांनी दिल्या, तर मेंदूची उत्तेजितता काही काळ बदलते. सेकंदाला एक अशा संथ लयीत ती घटते, जलद लयीत वाढते. गटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवले, की डोक्याला दोन ओले स्पंज लावून अगदी सौम्य वीज दिली तरी असा बदल होतो. २००५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी तोच परिणाम मिनिटभराच्या आत साधणारी थीटा बर्स्ट ही लय आणली. यातून मोठी आशा उभी राहिली.

त्या आशेमागे एक आकर्षक सिद्धान्त होता. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना आवर घालतात. एक जखमी झाला, की निरोगी अर्धा मोकाट सुटतो आणि जखमी अर्ध्याला आणखी दाबतो. मग निरोगी बाजूला संथ टिचक्या देऊन शांत केले, की आजारी बाजू डोके वर काढेल. कागदावर हे तराजूसारखे स्वच्छ दिसते. मेंदू मात्र तराजू नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात असा असमतोल दिसलाच नाही. तो पुढे, हात सुधारत असताना तयार होत गेला. ज्याला कारण समजले जात होते, ते कदाचित परिणाम असावे.

अमेरिकेतील १२ पुनर्वसन केंद्रांत या सिद्धान्ताची कसून परीक्षा झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्याला तीन ते बारा महिने झालेले १९९ रुग्ण त्यात होते. सर्वांना हाताचा सारखाच सराव दिला. फरक एवढाच, की काहींना खरे उद्दीपन मिळाले आणि काहींना नकली. अर्थपूर्ण सुधारणा खऱ्या गटात ६७ टक्के रुग्णांत झाली आणि नकली गटात ६५ टक्के. नकली यंत्रच थोडे काम करत असावे, अशी शंका आल्याने दुसरे नकली यंत्र वापरून आणखी ६० रुग्णांवर चाचणी झाली. तीतही खरे उद्दीपन सरस ठरले नाही.

या आकड्यांकडे नीट पाहायला हवे. दोन्ही गटांतील दोन-तृतीयांश लोक सुधारले, तेही झटक्यानंतर कित्येक महिने उलटल्यावर. ‘मशीनने गुण आला’ असे जो रुग्ण सांगतो, तो खोटे बोलत नसतो; त्याचा हात खरोखर सुधारलेला असतो. श्रेय सरावाचे, आणि काही अंशी निसर्गाचे, असण्याची शक्यता जास्त. नकली गट ठेवल्याशिवाय हे कळत नाही आणि जाहिरातीत नकली गट कधीच नसतो.

दुसरी बाजूही दुबळी नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने निरोगी बाजूच्या संथ उद्दीपनाला झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत हाताच्या सुधारणेसाठी सर्वोच्च दर्जा दिला. हा निर्णय मुख्यतः अनेक लहान अभ्यासांवर उभा आहे, तर वरची मोठी चाचणी नंतरच्या टप्प्यातील रुग्णांवर झाली. दोन्ही खरे असू शकते. पण मग ‘झटका कधीही आलेला असो, फायदा होईल’ असे सांगण्याला आधार उरत नाही.

त्यात माणसामाणसांतील फरकाची भर. लंडनमध्ये ५२ निरोगी व्यक्तींना थीटा बर्स्ट देऊन पाहिले, तेव्हा एकूण गटावर परिणाम जवळपास शून्य आला. काहींची उत्तेजितता वाढली, काहींची घटली. हा अभ्यास २०१३ चा. एकच लय सर्वांना सारखी लागू पडत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. तरी बैठकांची संख्या छापील दरपत्रकावरून ठरते.

या घडामोडींत एक निकाल वेगळा उठून दिसतो. मानेतील व्हेगस मज्जातंतूला जोडलेले उपकरण शस्त्रक्रियेने बसवायचे आणि रुग्णाने हाताची हालचाल केली, की नेमक्या त्या क्षणी थेरपिस्टने बटण दाबून विजेचे अर्ध्या सेकंदाचे स्पंदन द्यायचे. ब्रिटन आणि अमेरिकेतील १०८ रुग्णांवरची ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर सहा आठवड्यांत खऱ्या गटाची सरासरी सुधारणा ५ गुण, नकली गटाची २.४. तीन महिन्यांनी अर्थपूर्ण सुधारणा ४७ टक्के विरुद्ध २४ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पाच गुण म्हणजे चमत्कार नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेचा धोका आणि खर्च आहेच. पण इथे उद्दीपन रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाला चिकटवलेले होते. खुर्चीत निवांत बसून घेण्याचा हा उपचार नव्हता.

नैराश्यासाठी टीएमएसला अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे आणि तिथला पुरावा बराच भक्कम आहे. हाताच्या उपचाराची जाहिरात करताना त्या मान्यतेचा दाखला दिला जात असेल, तर कुटुंबाने तिथेच थांबवून विचारावे : ही मान्यता कोणत्या आजारासाठी? रुग्णाच्या झटक्याला किती महिने झाले, हे लक्षात घेतले आहे का? उद्दीपनाबरोबर रोज किती तास सराव करून घेणार? डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे का, कधी फिट आली होती का, ही चौकशी तर केंद्राने आपणहून करायला हवी.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या रुग्णालयात टीएमएस यंत्र सहसा मिळणार नाही. पण खांदा उचलून आणि बोटे उघडून पाहायला यंत्र लागत नाही. तिसऱ्या दिवशी, खाटेशेजारी, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट ती तपासणी काही मिनिटांत करू शकतो.