पहिली भाकरी कोणाची?

दिवाळीचे पहिले दोन दिवस चकली-करंजीचे, तिसरा श्रीखंडाचा. चौथ्या दिवशी मात्र तुपासाखरेने थकलेली जीभ दुसरेच काही मागू लागते. उघड बोलायची सोय नसते. एवढा फराळ रांधलेल्या गृहिणीसमोर बोलायचे कसे? अखेर कोणीतरी धीर करून म्हणते, ‘‘आज जरा पिठलं-भाकरी करू या का?’’ आणि साऱ्या घराचा चेहरा खुलतो.

आम्हा सांगलीकरांची भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि ज्वारी म्हणजे शाळू. जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा-वारणेच्या काठी उसाचे राज्य. शाळवाची रानं पाहायची तर पूर्वेला जत-आटपाडीकडे जावे. पावसाळा सरता सरता पेरलेले हे पीक जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. म्हणूनच की काय, त्याच्या भाकरीला एक सौम्य गोडी असते. १९६४ साली देशात पहिली संकरित ज्वारी आली. तिने कोठारे भरली, पण ‘हायब्रीड’ची भाकरी म्हटली की जुनी माणसे अजून नाक मुरडतात. आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण काढली, तर ती गप्पच होतात. पोट भरणे आणि जेवणे यांतला फरक त्या पिढीला कोणी समजावून सांगायला नको.

चांगल्या भाकरीचे मर्म काय? पहिले मर्म ताज्या पिठाचे. गव्हात ग्लुटेन असते, म्हणून त्याची कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. जो काही धरबंध असतो तो पिठाच्या ताजेपणाचा. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते. भाकरी थापताना कडेला चिरते आणि चवीला कडवट लागते. तेव्हा दळण आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे.

दुसरे मर्म आधणाचे. कढत पाण्याने पिठातला काही भाग शिजल्यासारखा होतो आणि चिकटपणा धरतो. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ घ्यावे आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळावे. इथे आळस केला, तर तो पुढे परातीत दिसतोच. मग परातीत कोरडे पीठ भुरभुरून गोळा ठेवावा आणि बोटांनी हलके थापत फिरवत न्यावा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर यावी आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. ते पाणी पुरते सुकण्याआधी भाकरी उलटावी, ही बाजू नीट भाजू द्यावी आणि मग भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर धरावी. चुलीपुढचे निखारे असले तर उत्तमच, नाहीतर गॅस आहेच. आतली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या बाईलासुद्धा त्या क्षणी थोडे हसू येते, हे मी पाहिले आहे.

ज्या धान्याला ग्लुटेन नाही, त्याला मनवण्याची युक्ती प्रत्येक मुलखाने आपापली शोधली. मका हा मूळचा अमेरिका खंडाचा. मेक्सिकोत तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून वाटतात आणि त्याची भाकरी करतात. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात त्याच्या पिठात ताक, अंडी आणि सोडा घालून बिडाच्या तव्यात पावासारखे भाजतात. पंजाबात मक्याची रोटी आपल्यासारखीच गरम पाण्याने मळतात. देश वेगळे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: या भाकऱ्यांची खरी चव गरम असतानाच असते. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि खमंगही लागते, पण तिची जातच निराळी. आपली मऊ भाकरी तव्यावरून ताटात येईपर्यंतच तरुण असते.

आणि इथेच खरा प्रश्न आहे. भाकरी एक एक करून होते आणि गरमच खायची असते. म्हणजे घरातले सगळे गरम भाकरी खातात, फक्त करणारीला ती मिळत नाही. आमच्या लहानपणी वडिलांच्या ताटात पहिली फुगलेली भाकरी पडे, मग आम्हा भावंडांच्या. आई सर्वांत शेवटी बसे आणि तिच्या वाट्याला हटकून कडेला चिरलेली, गार झालेली भाकरी येई. ‘‘मला अशीच आवडते,’’ असे ती म्हणे. मराठीचे अध्यापन करताना शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा व्यवसायच आहे, पण या तीन शब्दांचा अर्थ कोशात सापडायचा नाही. ज्यांच्या घरी आई आहे, त्यांना तो सांगावाही लागणार नाही.

२०२३ हे साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी पथ्याची ठरली, मोठ्या हॉटेलांच्या पानावरही बसली. आनंद आहे. पण घरोघरी तिचा मान राखायचा असेल, तर भाकरी थापणाऱ्या हातांची संख्या वाढली पाहिजे. मुलगे, जावई, सुना, नातवंडे, सगळ्यांनी परातीपुढे बसावे. पहिल्या चार भाकऱ्यांचे नकाशे होतील, होऊ द्यावेत. नकाशेही पिठल्याबरोबर उत्तम लागतात.

तेव्हा यंदा दिवाळीच्या चौथ्या दिवशी, फराळाचे डबे मिटल्यावर, घरातल्या ज्या माउलीने आजवर सगळ्यांना वाढले, तिला आधी पाटावर बसवावे. ताटात खर्डा, बुक्कीने फोडलेला कांदा, कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत आणि लोण्याचा गोळा. मग पहिली टम्म फुगलेली भाकरी तिच्या ताटात घालावी. ती संकोचेल, ‘‘आधी तुम्ही घ्या,’’ म्हणेल. ऐकू नये. पापुद्रा तिनेच उचलावा आणि आतली वाफ एकदा तिच्या चेहऱ्यावर यावी.