बघायला आले, म्हणजे पसंत केली?

मैत्रिणींनो, आमच्या केंद्राचा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे बघायचं काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. त्यात 'लॉग २०१२' नावाचं एक फोल्डर निघालं. ते उघडलं आणि तेव्हा आम्ही केलेला एक अतिशहाणपणा डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या वेळी मी नुकतीच एम.एस.डब्ल्यू. होऊन केंद्रात आले होते, त्यामुळे त्यातला मोठा वाटा माझाच.

आधी थोडी माहिती. आज यंत्रं शोधून देतात, पण एके काळी वेबसाइटींच्या याद्या माणसं करत. याहूची डिरेक्टरी १९९४ मध्ये सुरू झाली. तिची वर्गवारी बसवण्याचं काम १९९५ पासून श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे होतं. त्या कंपनीच्या पाचव्या कर्मचारी. (अशा इतिहासातून बाईचं नाव पटकन गळतं, म्हणून मुद्दाम लिहिते.) १९९८ मध्ये डीमॉझ, म्हणजे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, निघालं. तिथे स्वयंसेवक संपादक एकेक साइट उघडून बघत, तिचं दोन ओळींत वर्णन लिहीत आणि तिला एखाद्या वर्गात बसवत. २००० ते २०११ या काळात गूगलची डिरेक्टरीही याच यादीवर चालली. एका ठिकाणी नाव लागलं की ते पुढे कुठे कुठे पोचे. जाहिरातीला पैसे नसलेल्या संस्थांना या नोंदीचं किती अप्रूप असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

अडचण एवढीच, की डीमॉझ 'घेतलं' किंवा 'नाकारलं' असं कळवत नसे. मग साइटवाले आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, संपादकाची पावलं शोधत. या वहीत प्रत्येक भेटीची ओळ असते: कोणत्या संगणकावरून, किती वाजता, कोणतं पान मागितलं, ते मिळालं (२००) की नाही (४०४), आणि कोणत्या पानावरच्या दुव्यावरून माणूस इथे आला. या शेवटच्या नोंदीला रेफरर म्हणतात. संपादक आपल्या आतल्या, पासवर्ड लागणाऱ्या पानावरून साइट उघडत, आणि त्या पानाचा पत्ता रेफरर म्हणून आपल्या वहीत उमटे. पत्त्याच्या शेपटीला बहुधा वर्गाचं नावही असे. पत्ता उघडायला जावं तर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट समोर! दार दिसतं, आतलं काही दिसत नाही.

आम्हीही अशाच एका डिरेक्टरीत अर्ज केला होता. अर्ज केला 'कुटुंब' या वर्गात. 'हिंसाचार' वर्गात नको, लोक बिचकतात, हे माझंच म्हणणं. आणि एक दिवस ती ओळ सापडली. मी केंद्रभर सांगत सुटले. ताई (आमच्या केंद्राच्या संस्थापक) म्हणाल्या, "अगं, बघायला आले म्हणजे पसंत केली असं असतं का?" मग स्वतःच चिडल्या, "आणि आपण कशाला बघून घ्यायचं गं? ही उपमा मला सुचलीच कशी!"

पण वागलो आम्ही अगदी कांदेपोह्यांच्या घरासारखंच. ओळी लावून बघितलं, तर संपादकाने तीन पानं उघडली होती. पहिलं पान, समुपदेशनाचं पान, आणि शेवटी 'मारहाण आणि कायदा'. या पानावर ४९८-अ, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, हे सगळं साध्या भाषेत होतं. त्यानंतर एकही ओळ नाही. मी निष्कर्ष काढला: इथे त्यांचं मन उडालं. खरं म्हणजे शेवटच्या पानावर माणूस दोन सेकंद थांबला की अर्धा तास, हे लॉग सांगूच शकत नाही. पुढचं पान मागितलं तरच आधीच्या पानावरचा वेळ मोजता येतो. गप्प राहण्याचा अर्थ नकार असा लावायची सवय मात्र आपल्या अंगात मुरलेली.

आम्ही ते पान काढलं. 'मारहाण' गेली, 'कौटुंबिक समस्या' आल्या.

सात आठवड्यांनी दुसरी ओळ. रेफरर त्याच डिरेक्टरीचा, पण शेपटी वेगळी: आता वर्ग होता स्त्रियांवरच्या हिंसाचाराचा. मागितलेलं पान थेट 'मारहाण आणि कायदा'. उत्तर ४०४. म्हणजे पहिल्या संपादकाने ते पान नीट वाचून आम्हाला आमच्या खऱ्या जागी हलवलं असावं. (जागा कोण ठरवतं, हा प्रश्न जुनाच. ड्यूईच्या ग्रंथालय वर्गीकरणात स्त्रियांचा विषय कित्येक वर्षं ३९६ वर, शिष्टाचार आणि लोककथांच्या शेजारी होता. आता तो ३०५.४ वर, समाजगटांत आहे.) आम्हाला जे नाव घ्यायची लाज वाटली, ते त्या अनोळखी माणसाने घेतलं होतं. अर्थात, हाही माझा अंदाजच. यादीत आमचं नाव लागलं नाही, आणि त्याचा दोष मी त्या संपादकांना देऊ शकत नाही.

इतकंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण परवा तेच फोल्डर उघडून मी सगळ्या ओळी वाचल्या, फक्त संपादकाच्या नव्हे. पहिल्या संपादकाच्या थोडं वर एक ओळ आहे. रात्री दोन वाजून काही मिनिटं. रेफरर शोधयंत्राचा, आणि तेव्हा त्यात बरेचदा शोधलेले शब्दही दिसत. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी: नवरा मारतो काय करू. तिला उघडून मिळालं तेच पान, २००. पान काढल्यानंतरच्या महिन्यांत अशा आणखी ओळी आहेत. त्यांच्यापुढे ४०४ आहे. मी मोजल्या, आकडा इथे लिहायला हात धजत नाही. संपादकाची ओळ शोधताना याच ओळी मी बोटाने खाली सरकवत गेले होते.

एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. गृहभेटीला मी स्वतः जाते. मी उंबरा ओलांडला की घरातली माणसं माझा चेहरा वाचायला लागतात: आता कोर्टात काय लिहील ही? कित्येकदा मी काहीच ठरवलेलं नसतं. आणि माझ्या भेटीच्या धास्तीने सुनेला आतल्या खोलीत पाठवलेलं असतं. जिला भेटायला मी गेलेली असते, तीच दिसत नाही.

याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ १७ मार्च २०१७ ला. तेव्हा त्यात ३८ लाखांहून अधिक साइट होत्या. कर्ली या नावाने स्वयंसेवकांनी ते काम पुढे चालू ठेवलं आहे. रेफररही आता पूर्वीसारखा बोलका नाही: शोधलेले शब्द २०१३ पासून जवळजवळ दिसेनासे झाले, आणि २०२० पासून क्रोमसारखे ब्राउझर दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता न देता फक्त साइटचं नाव देतात. साइटवाले हळहळतात. मला मात्र रात्री दोन वाजता टाइप करणाऱ्या बाईसाठी हे बरं वाटतं. तिचे शब्द आमच्या वहीत उतरायचं काही कारण नव्हतं.

पण पाहणीला येणारे संपले नाहीत. देणगीदार येतात, अधिकारी येतात, आणि त्यांनी कुठल्या पानावर भुवई उंचावली हे ओळखून आपण अहवालातले शब्द बदलतो. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, "व्यवहार बघावा लागतो." लागतो, मान्य. पण मग निदान आधी ४०४ च्या ओळी बघाव्यात, कोण काय मागायला आलं आणि आपल्याकडे ते नव्हतं, आणि पाहुण्यांच्या ओळी नंतर.

ते फोल्डर मी पुसून टाकलं. 'मारहाण आणि कायदा' हे पान, भारतीय न्याय संहितेतली नवी कलमं घालून, जुन्याच पत्त्यावर पुन्हा चढवलं आहे. वर कोपऱ्यात 'लगेच बाहेर पडा' असं बटण आहे. ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं.