यहूदाचा दोर आणि पंचगंगेची सरस्वती

मत्तयाच्या शुभवर्तमानात (27:5) यहूदा गळफास घेऊन मरतो. 'प्रेषितांची कृत्ये' (1:18) म्हणते, तो पालथा पडला आणि पोट फुटून मेला. श्रद्धाळू सांगतात, आधी फास घेतला, मग दोर तुटला. पण दोर तुटल्याचे दोन्हीकडे लिहिलेले नाही. तो दोर श्रद्धेने वळलेला आहे.

मित्रांनो, हसण्याआधी महाबळेश्वरला या. पंचगंगा मंदिरात एकाच गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री वाहतात म्हणे. प्रत्यक्षात कृष्णा पूर्वेला जाते, सावित्री कोकणात उतरते. शिवाय भागीरथी 12 वर्षांनी, सरस्वती 60 वर्षांनी प्रकटते. दिसली नाही तर? थांबा अजून! असा दावा खोटा ठरूच शकत नाही, म्हणून तो खराही ठरत नाही.

आता खरा प्रश्न आपल्याला. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये वेदांच्या उत्पत्तीची परस्परविरोधी उत्तरे मांडली, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी बौद्ध परंपरेलाही तोच प्रश्न विचारला. म्हातारा, आजारी आणि प्रेत सिद्धार्थाने 29 व्या वर्षापर्यंत पाहिलेच नव्हते, हे त्यांना पटले नाही. त्यांनी दोर जोडला नाही; गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या वादात शोधले.

दुसऱ्याच्या ग्रंथाला तराजू आणि आपल्या ग्रंथाला फक्त हार, हा आंबेडकरवाद नव्हे. तराजू एकच ठेवा.

जय भीम!